लोकरीचा चेंडू आणि लाकडी पेटी

लहान मुलांसाठी घरोघर हाताने केल्या जाणाऱ्या वस्तूंचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी, की त्या वस्तूच मागे उरत नाहीत. राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि जिरेटोप काचेच्या कपाटांत पाहावयास मिळतात. तान्ह्या मुलाचे टोपडे क्वचितच मिळते. थोरल्याचे ते धाकट्याला होई, धाकट्याचे जावेच्या मुलाला होई, आणि अखेरीस कंदिलाची काच पुसण्याचे फडके होऊन संपे.

आपल्याकडील बाळंतविड्याचीच गोष्ट घ्या. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लाळेरी, लंगोट आणि गोधडी एवढा हा सरंजाम. त्यात मानाची वस्तू कुंची. टोपड्याला मागून पाठभर उतरणारा घोळ जोडलेला, कापड खणाचे किंवा जुन्या रेशमी लुगड्याचे, कडेला जर असेल तर जर आणि नसेल तर रंगीत पट्टी. तिने डोके, कान आणि पाठ एकाच वेळी झाकली जातात. दुपट्यांना आणि लंगोटांना मात्र नवे कापड चालत नसे. नव्या कापडाला खळ असते, त्याचा पोत करकरीत असतो. आजोबांचे धोतर शेकडो वेळा धुतले जाऊन मऊ झाले म्हणजे मगच ते नातवाच्या अंगाला लावण्याच्या योग्यतेचे होई. गोधडीत अशा जुन्या कापडांचे थर एकावर एक घालून धावदोरा घालीत. उरलेल्या चिंध्यांचा गुंडाळून चेंडू व्हायचा, त्याहून लहान तुकड्यांची बाहुली व्हायची, आणि पाळण्यावर टांगण्यासाठी कापडी राघू-चिमण्यांचे चिमणाळे. यांची कृती लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही, कारण ती शिकवणारी आजी घरातच बसलेली असे.

घरातल्या या क्षुल्लक वस्तूंकडे गंभीरपणे पाहून, त्यांत काही शिक्षण दडले आहे काय, असा प्रश्न ज्याने आयुष्यभर स्वतःला विचारला तो माणूस जर्मनीतला. त्याचे नाव फ्रीड्रिख फ्रोबेल. त्याच्या विचाराचा एक धागा फिलाडेल्फियामार्गे मुंबईस आला, आणि दुसरा, पुष्कळ वळसे घेऊन, बोर्डी-कोसबादच्या झोपड्यांपर्यंत पोहोचला. तो वाटेत कोठे गुंतला आणि कोणी सोडवला हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखातील ओबरवाइसबाख या गावी झाला. बाप धर्मोपदेशक होता. मूल नऊ महिन्यांचे असताना आई वारली. हे अंग पुढे त्याच्या सगळ्या विचारांत उतरले असे त्याच्या चरित्रकारांनी म्हटले आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. कारण ज्याला आईच्या मांडीवरचे खेळ मिळाले नाहीत, त्यानेच पुढे त्या खेळांचे पुस्तक रचले. पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. पुढे शिक्षक झाला, स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझीच्या शाळेत दोन वर्षे राहिला, आणि नंतर बर्लिन येथे प्रोफेसर वाइस यांच्या हाताखाली स्फटिकांच्या संग्रहाची व्यवस्था पाहू लागला. स्फटिक हाताळता हाताळता त्याची अशी श्रद्धा बनली, की निसर्गाची सारी रचना काही थोड्या साध्या आकारांतून उलगडते आणि मुलाचे मनही तसेच उलगडत असले पाहिजे. या श्रद्धेत गूढवादाचा अंश बराच आहे. तो बाजूला ठेवूनही तिच्यातून जे निघाले ते फार व्यावहारिक होते.

१८३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी एक संस्था काढली. तिला नाव सुचेना. तीन वर्षांनी, १८४० मध्ये, ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हा शब्द त्याला सापडला, आणि आज तो जगाच्या अनेक भाषांत आहे.

मुलांच्या हाती द्यावयाच्या वस्तूंना त्याने ‘देणग्या’ असे नाव दिले. त्यांतली पहिली देणगी पाळण्यातील बाळासाठी आहे. ती म्हणजे लोकरीने विणलेले सहा मऊ चेंडू. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे त्यांचे रंग, आणि प्रत्येकाला एक दोरी. चेंडू का, तर त्याला कोपरा नाही. बाळाच्या मुठीत तो कोठूनही धरला तरी सारखाच मावतो. लोकरीचा का, तर तो तोंडावर पडला तरी लागत नाही. दोरी का, तर आईने तो झुलवावा, दूर न्यावा, पदराआड लपवावा, पुन्हा आणावा, आणि प्रत्येक वेळी ‘गेला’ आणि ‘आला’ म्हणावे. जे दिसत नाही तेही असते, आणि ते परत येते, हा बोध बाळाला भाषा येण्यापूर्वी या दोरीने होतो. आईविना वाढलेल्या माणसाने हा खेळ पहिला मांडला, याकडे वाचकांचे लक्ष वेधून पुढे जातो. १८४४ साली त्याने आई व बाळ यांच्या खेळांचे आणि गाण्यांचे सचित्र पुस्तकही काढले.

ही पहिली देणगी कोणत्याही आईला उरल्यासुरल्या लोकरीतून, आत कापूस किंवा चिंध्या भरून, करता येण्याजोगी होती. आपल्या पाळण्यावरचे चिमणाळे आणि फ्रोबेलचा चेंडू यांत तत्त्वतः काही अंतर आहे असे मला वाटत नाही. आपल्या आज्यांनी केले, त्याने ते का करावे हे सांगितले, एवढाच फरक.

दुसऱ्या देणगीपासून मात्र सुताराची गरज लागते. तीत लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल आहे. तिसरी ते सहावी या देणग्या म्हणजे निरनिराळ्या रीतीने कापलेले घन. ते एका लहान लाकडी पेटीत बसवलेले असतात आणि पेटीला सरकते झाकण असते. पेटी उपडी ठेवावयाची, झाकण हळूच ओढून घ्यावयाचे आणि पेटी वर उचलावयाची, म्हणजे न विस्कटलेला अखंड घन मुलासमोर उभा राहतो. खेळ संपल्यावर तो तसाच अखंड परत पेटीत गेला पाहिजे. तेव्हा पेटीचा जन्मदाताही फ्रोबेलच आहे. पुढे जे झाले त्याचा दोष सगळाच व्यापाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.

देणग्यांच्या जोडीस त्याने हातकामाचे ‘उद्योग’ नेमले: कागदाच्या घड्या घालणे, कागदाच्या पट्ट्यांची चटई विणणे, कातरकाम, मातीकाम, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून आकृत्या उभारणे, टोचकाम आणि शिवणकाम. टोचकाम व शिवणकाम ही जोडी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. चौकटी आखलेला जाड कागद मऊ गादीवर ठेवावयाचा, मूठ लावलेल्या सुईने ठरल्या ठिकाणी भोके पाडावयाची, आणि मग त्या भोकांतून रंगीत दोरा ओवून आकृती पुरी करावयाची. घन वस्तूपासून पृष्ठभाग, पृष्ठभागापासून रेषा, रेषेपासून बिंदू असा देणग्यांचा उतरता क्रम आहे. टोचलेले भोक म्हणजे त्या क्रमातला शेवटचा बिंदू, आणि दोरा म्हणजे त्या बिंदूपासून पुन्हा वर चढू लागलेली रेषा. भूमितीच्या पुस्तकात बिंदूला लांबी-रुंदी नसते असे वाचून आम्ही गोंधळलो होतो. चार वर्षांच्या मुलाला सुईच्या टोकाशी तो बिंदू भेटावा, ही कल्पना कोणालाही मोहात पाडील अशी आहे.

फ्रोबेलच्या आयुष्याचा शेवट मात्र दुःखात झाला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचा शिक्षणमंत्री राउमर याने बालोद्यानांवर बंदी घातली. ही संस्था समाजवादी असून मुलांस नास्तिक बनवते, असा आरोप होता. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याने स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयी एक पुस्तिका लिहिली होती, आणि मंत्र्याने काका-पुतण्यांची गफलत केली. सरकारी दप्तरात एका नावाचा कागद दुसऱ्याच्या फायलीत लागला म्हणजे काय होते, हे आमच्यासारख्या कारकुनांना निराळे सांगावयास नको. खुलासे गेले, अर्ज गेले. हुकूम फिरला नाही. पुढल्या वर्षी, २१ जून १८५२ रोजी, फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली. श्वाइना येथे त्याच्या थडग्यावर घन, दंडगोल आणि गोल असे दगड एकावर एक रचलेले आहेत.

पण तोपर्यंत बी वाऱ्यावर गेले होते. १८४८ च्या क्रांतीत हरलेली पुष्कळ सुशिक्षित जर्मन कुटुंबे देशोधडीस लागली आणि त्यांच्याबरोबर फ्रोबेलचे खेळ इंग्लंड-अमेरिकेत गेले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात वॉटरटाउन या गावी मार्गारेट शुर्त्स या निर्वासित बाईने १८५६ साली आपल्याच घरी जर्मन भाषेतील बालोद्यान चालू केले. १८६० साली एलिझाबेथ पीबॉडी हिने बॉस्टन येथे इंग्रजी भाषेतील बालोद्यान काढले. या साऱ्या कथेत बायकाच पुढे आहेत. फ्रोबेलने तरुण मुलींस शिकवून शिक्षिका बनवण्याचा आग्रह धरला होता, आणि जेथे जेथे ही पद्धत गेली तेथे तेथे बायकांना एक नवा, प्रतिष्ठेचा आणि पगाराचा व्यवसाय मिळाला.

यानंतर पेटीचे युग येते. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे मिल्टन ब्रॅडली नावाचा एक शिळाछापखानेवाला होता. सोंगट्यांसारख्या बैठ्या खेळांच्या विक्रीवर त्याला चांगले यश मिळाले होते. पीबॉडीबाईंचे व्याख्यान ऐकून तो भारला गेला आणि १८६९ पासून फ्रोबेलच्या देणग्या व उद्योगांचे साहित्य कारखान्यात तयार करू लागला. तो लबाड नव्हता. या कामात त्याने मन ओतले, पैसाही घातला, आणि त्याच्या साहित्यावाचून बालोद्याने अमेरिकाभर पसरली नसती. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे साहित्य पाहून एका आईने ते आपल्या मुलासाठी घेतले. तो मुलगा पुढे फ्रँक लॉइड राइट या नावाने प्रसिद्ध वास्तुशिल्पी झाला, आणि त्या लाकडी ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायमचा राहिला असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले.

तरीही पेटीबरोबर जे यावयाचे ते आलेच. वस्तू छापील यादीत गेली म्हणजे तिला क्रमांक मिळतो. क्रमांक मिळाला म्हणजे क्रम मोडता येत नाही. आधी उभ्या रेघांची शिवण, मग आडव्या रेघांची, मग तिरप्या; अमुक पाठ पुरा झाल्यावाचून तमुक नाही. आईने मांडीवर बसून खेळावयाचा चेंडू दुकानातून डझनावारी येऊ लागला आणि शिक्षिका पुस्तकात बोट ठेवून तो झुलवू लागल्या. भोकांतले अंतर इतके बारीक, की तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांना आणि डोळ्यांना ते झेपेना. लहान मुलाचे दंड, खांदे, पाय हे आधी तयार होतात, बोटांचे बारीक वळण मागाहून येते, असा आक्षेप अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल याने घेतला. १८९५ च्या उन्हाळ्यात त्याने बालोद्यानांच्या शिक्षिकांस बोलावून हे तोंडावर ऐकवले, तेव्हा बहुतेक सगळ्या रागावून उठून गेल्या. बसून राहिल्या त्या दोघीच, ॲना ब्रायन आणि पॅटी हिल. पुढे अमेरिकेतील बालोद्यानांना मोकळे वळण देण्यात या दोघींचा मोठा वाटा होता. ज्या उठून गेल्या त्यांनाही मी नावे ठेवणार नाही. ज्या टाक्यांवर आपली उमेद आणि अन्न अवलंबून आहे, ते चुकीचे आहेत हे एका दुपारी ऐकून घेणे सोपे नसते.

हा वाद पेटण्याच्या नऊ वर्षे आधी, १८८६ मध्ये, एक मराठी बाई फिलाडेल्फियास येऊन पोहोचली होती. पंडिता रमाबाई. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाचे. तो ११ मार्च १८८६ रोजी झाला. थोड्या महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्यांनी व्याख्याने दिली, ‘द हायकास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध केले, विधवाश्रमासाठी निधी जमवला, हे सर्वश्रुत आहे. त्याच काळात त्यांनी बालोद्यान-शिक्षिकेचा अभ्यासक्रम घेतला, याचा उल्लेख मात्र त्यांच्याविषयी लिहिताना एका ओळीत उरकला जातो. ज्या बाईस संस्कृत ग्रंथ मुखोद्गत, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले, ती अठ्ठाविसाव्या वर्षी पोरसवदा अमेरिकन मुलींच्या शेजारी लहान बाकावर बसून कागदाच्या घड्या घालते आणि पुठ्ठ्यावर दोरा ओवते, हे चित्र मला त्यांच्या कोणत्याही व्याख्यानाइतकेच महत्त्वाचे वाटते.

त्यांना त्यात काय दिसले असावे? माझे अनुमान असे आहे. त्या काळच्या उच्चवर्णीय मराठी घरात विधवा ही शुभकार्यातून वगळलेली होती. ओटीभरण, बारसे, पाळणा यांच्या हळदीकुंकवात तिला स्थान नव्हते. आणि तरी घरातल्या पोरांचे धुणे, त्यांना निजवणे, गोधड्यांना टाके घालणे ही कामे बहुधा तिच्याच वाट्यास येत. म्हणजे मुलांसाठी राबणारे हात तिचे, आणि मुलाच्या मंगलप्रसंगी दूर ठेवावयाचे हातही तिचेच. फ्रोबेलच्या पद्धतीत याच कामाला शास्त्र होते, शिक्षण होते, पगार होता. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. बालोद्यानाची पद्धती त्यांनी या सदनात आणली. पहिल्या विद्यार्थिनींतल्या एक गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

१८९३ च्या सुमारास धर्मांतराच्या संशयावरून सदनावर जे वादळ उठले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या, त्याची हकीकत येथे सांगावयाची नाही. त्या वादात कोणाची बाजू किती खरी यावर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या गदारोळात पुठ्ठा आणि दोरा घेऊन बसलेल्या विधवांची आठवण मात्र मागे पडली, एवढेच नमूद करतो.

विसाव्या शतकात फ्रोबेलची जागा माँटेसोरीबाईंनी घेतली. १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह काढले. त्यांच्या साहित्यात लाकडी चौकटीवर ताणलेली कापडे आहेत. कोणाला गुंड्या, कोणाला बंद, कोणाला नाडी. त्यावर मूल स्वतःचे कपडे घालण्यास शिकते. कल्पना उत्तम, आणि मूळही पुन्हा गरिबांच्या वस्तीतलेच. पण तेथेही माप ठरले, लाकूड ठरले, रंग ठरला, आणि साहित्य पुन्हा पेट्यांतून येऊ लागले. १९३९ मध्ये माँटेसोरीबाई अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत हिंदुस्थानातच राहिल्या. त्यांच्या हाताखाली येथील शेकडो शिक्षक तयार झाले. साहित्याचा संपूर्ण संच घेण्याची ऐपत मात्र शहरातल्या सुखवस्तू शाळांचीच होती.

त्याआधीच भावनगरात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. वकिली सोडून मुलांत रमलेल्या या गुजराती गृहस्थाला लोक ‘मिशाळ आई’ म्हणत. त्यांच्या कामात ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी माँटेसोरी पद्धती मनापासून स्वीकारली होती. पण हे सगळे मूठभर मुलांसाठी चालले आहे, ही टोचणी त्यांना लागली असली पाहिजे. १९४५ च्या अखेरीस त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. तेथे त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ साली दोघी कोसबादच्या टेकडीवर गेल्या. तेथील वारली मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळाही कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ झाली.

अंगणात आणि कुरणात लाकडी पेटी कशी न्यावयाची? ताराबाईंनी ती मागे ठेवली. बोर्डीला समुद्र आहे, तेव्हा शिंपले आणि शंख, रानात बिया, पाने, काटक्या, गारगोट्या, घरात चिंध्या. शिंपल्यांनी मोजता येते, बियांची माळ ओवता येते, पानांची लहानमोठ्या क्रमाने रांग लावता येते, चिंध्यांची बाहुली होते. फ्रोबेलने आणि माँटेसोरीबाईंनी जे तत्त्व सांगितले ते त्यांनी सोडले नाही. बिंदू, रेषा, क्रम, स्पर्श सगळे तेथे आहे. सोडला तो कारखाना. गंमत अशी, की असे करताना त्या आपल्या आज्यांच्या गाठोड्यापाशीच परत आल्या.

शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ‘किंडरगार्टन’चे आपण विद्वत्तेने ‘बालोद्यान’ केले. डहाणू-बोर्डीकडे वाडी म्हणजे झाडांची बाग; चिकूची वाडी, नारळाची वाडी. म्हणजे ‘बालवाडी’ हे फ्रोबेलच्या शब्दाचे अगदी देशी रूप, आणि ‘अंगणवाडी’ म्हणजे दारात आलेली बाग. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हाच मराठी शब्द मिळाला. आज तामिळनाडूपासून काश्मीरपर्यंत तो रूढ आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानांवर तो परक्या उच्चारांत पडतो, तेव्हा तो कोठून निघाला याची आठवण असावी. आणखी एक गोष्ट. अंगणवाडी सेविकेला मिळते ते आजही ‘मानधन’ आहे, पगार नव्हे. तिला उपदानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयास २०२२ साली सांगावे लागले. शारदा सदनातल्या विधवेला प्रतिष्ठेचा व्यवसाय देऊ पाहणाऱ्या रमाबाईंना हे कळले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा विचार मनात येतो.

कचेरीत काम करणाऱ्या माणसाला या इतिहासात एक गोष्ट दिसते, जी कदाचित शिक्षणशास्त्रज्ञांस दिसणार नाही. वस्तू विकत घेतली की ती जडवस्तू नोंदवहीत चढते. चढली की तिचा जाब द्यावा लागतो. घनाचा एक तुकडा हरवला तर तो कोणाच्या अंगावर घालावयाचा, हा प्रश्न तपासणीच्या दिवशी उभा राहतो. म्हणून शहाणा माणूस पेटीला कुलूप लावतो. यात दुष्टपणा काही नाही, नियमच तसा आहे. शिंपल्याची नोंद कोठेही नसते. तो हरवला तर हरवला, फुटला तर फुटला. मूल उद्या दुसरा आणील. ताराबाईंनी हा विचार या शब्दांत केला असेल असे नाही, पण त्यांच्या अंगणात कुलूप लावण्यासारखे काही नव्हते हे खरे.

फ्रोबेलचे शिवणकामही असेच पेटीबाहेर काढता येते. आमच्याकडे एकेकाळी फायली खरोखरच दाभणाने आणि दोऱ्याने शिवीत. नंतर पंचाचे यंत्र आणि दोन्ही टोकांना धातूची पट्टी असलेले टॅग आले. स्टेशनरीच्या दुकानातून जाड पुठ्ठा आणून मी धाकट्या मुलीसाठी त्यावर मासा काढला आणि कडेने बोटभर अंतरावर पंचाने भोके पाडली. टॅगाच्या टोकाला सुई लागत नाही, ते टोचतही नाही. भोक एवढे मोठे, की हॉलसाहेबांचीही तक्रार नसावी. दोन टॅग पुरले नाहीत, तेव्हा जुन्या साडीची किनार उसवून तिच्या टोकाला मेण लावले. मुलीने पहिल्या दिवशी मासा पुरा केला. दुसऱ्या दिवशी ठरल्या भोकांचा क्रम सोडून तिने किनार मनास येईल तशी आडवी-उभी ओवली आणि तो मासा जाळ्यात सापडला आहे असे सांगितले. क्रमांकवार पाठांच्या पुस्तकात या आकृतीला जागा मिळाली नसती.

कापडाच्या बाबतीत आम्हा परप्रांतस्थ कुटुंबांची निराळी अडचण आहे. घरात आजी नाही, आणि जुने मऊ धोतर तर कोणाच्याच घरात नाही. कुंची गावाहून पार्सलाने येते, किंवा दुकानातून तयार मिळते. ती फक्त बारशाच्या छायाचित्रापुरती घालतात. आमच्या ओळखीच्या बंगाली कुटुंबात पाहिले तर तेथेही हेच. जुन्या साड्यांचे थर शिवून बाळासाठी केलेली कांथा आता बहुधा आजोळीच होते. होते तेथे टाका मात्र आपल्या गोधडीचाच, धावदोरा. गुंडाळायला दोन्हीकडे जुनेच कापड हवे हे कोणी कोणास शिकवले नसणार.

२० फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा संच प्रसिद्ध केला. त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत, चित्रे आहेत, गोष्टींची पुस्तके आहेत; मुलाने खेळातून शिकावे हाच त्यामागील हेतू आहे, आणि तो फ्रोबेलपासून चालत आलेला आहे. पिटारा म्हणजे पेटीच. तिची कल्पना वाईट आहे असे मी म्हणत नाही. ब्रॅडलीची पेटीही वाईट नव्हती. पेट्या किती गेल्या, कोठे पोहोचल्या, याचे तक्ते माझ्यासारखे कारकून बिनचूक तयार करू शकतात. त्यांतली झाकणे किती उघडली गेली, आणि उघडलेल्या पेटीतली एखादी सोंगटी हरवली म्हणून बाईंनी तिच्या जागी चिंचोका ठेवला काय, हे त्या तक्त्यात येत नाही. ते पाहावयाचे तर सकाळी दहाच्या सुमारास कोणत्याही अंगणवाडीच्या दारात जाऊन उभे राहावे लागते.